आक्काच्या फोनमधली नावं

गिऱ्हाईक कसं पारखायचं ते मला आक्कानं शिकवलं. ती माझी सख्खी बहीण नव्हती, नात्यातलीही नव्हती. हिंगोलीत एका गल्लीच्या टोकाला तिनं दोन खोल्या भाड्यानं घेतल्या होत्या. बाहेरच्या खोलीत शिलाई मशीन, दोरीवर लोकांच्या साड्या आणि दारावर फॉल-पिकोची पाटी. आतल्या खोलीत एक पलंग, एक पंखा आणि जाड कडी. साड्यांचं काम खरंच चालायचं, पण आमचं पोट आतल्या खोलीवर होतं. सकाळी अकरा ते दुपारी चार. चार वाजले की आक्का खिडकी उघडायची, आणि आम्ही पुन्हा साड्या शिवणाऱ्या बाया व्हायचो.

मी सेनगावकडच्या एका बंजारा तांड्यातली. लग्न दुसऱ्या तांड्यात झालं. दिवाळी झाली की नवऱ्याबरोबर ऊसतोडीला जायचं, पाऊसकाळाच्या आधी परत यायचं, अशी सहा वर्षं गेली. सातव्या वर्षी नवऱ्यानं कारखान्यावरच दुसरी बाई केली आणि मला मुलीसकट टेम्पोत बसवून दिलं. भावाच्या घरी चार महिने काढले. भावजय तोंडानं काही बोलली नाही, पण माझ्या मुलीचं ताट ती सगळ्यांत शेवटी वाढायची. मग मी हिंगोलीला आले आणि बाजार समितीत हळद निवडायला लागले. तेव्हा मी अठ्ठावीस वर्षांची होते.

आक्का तिथंच भेटली. वर्षाची हळद घ्यायला आली होती. माझ्याकडं बघत उभी राहिली आणि म्हणाली, "तुझे हात लई चलाख हाईत. पिको शिकतीस का?"

पहिले तीन महिने मी फक्त पिकोच केलं. आतल्या खोलीत काय चालतं ते मला कळत होतं, पण मी विचारलं नाही. एके दिवशी जेवण झाल्यावर तिनंच मला समोर बसवलं आणि सगळं सरळ सांगितलं. शेवटी म्हणाली, "तुला करायचं नसंल तर पिको हायेच. मी काही तुला घराबाहेर काढणार न्हाई." मी आठ दिवस विचार केला आणि हो म्हणाले. मुलीला वसतिगृहाच्या शाळेत घातलं. मला कुणी फसवून या धंद्यात आणलं नाही, हे मी आधीच सांगून ठेवते. फसवणूक झाली ती नंतर, आणि वेगळीच.

आक्का माझ्याहून पंधरा वर्षांनी मोठी. कळमनुरी तालुक्यातल्या शेतीवाडीच्या घरात दिलेली. नवरा गेल्यावर दिरांनी तिला शेतातल्या वस्तीवर ठेवलं खरं, पण कशासाठी ठेवलं ते तिनं मला एकदाच, मशीनवर मान खाली घालून सांगितलं होतं. तिथून ती निघाली. सासरी सगळ्यांना एवढंच माहीत होतं, की ती हिंगोलीत शिलाई करते. सणाला ती गावी जायची, नऊवारी नेसून, डोक्यावर पदर घेऊन, आणि दोन दिवसांत परत यायची.

आमच्यात तिसरी एक होती, तिला मी वहिनी म्हणायचे. आक्काच्या चुलतभावाची बायको. तिचा नवरा पुण्याला कामाला म्हणून गेला आणि तिकडंच राहिला. ती आठवड्यातून दोनदा एसटीनं यायची, हातात डबा, जणू बँकेच्या कामाला आली आहे. माझ्याच वयाची, पण अंगानं बारीक, बोलणं हळू.

फोन आक्काकडं असायचा. वाजला की उचलून ती गप्प राहायची, समोरच्याला बोलू द्यायची. मग तिचे प्रश्न. गाव कोणतं, नंबर कुणी दिला, त्याला कुठं भेटला, कशावर येणार. मधे दुसरंच काही बोलून पुन्हा पहिला प्रश्न विचारायची. खोटं बोलणारा दुसऱ्या वेळेला अडकायचा. जो पास व्हायचा त्याला ती स्टँडवरच्या एका हॉटेलात चहा घेत बसायला सांगायची. पिशवी घेऊन स्वतः तिथं जायची, एसटीची वाट बघत असल्यासारखी, आणि त्याला न्याहाळायची. प्यायलेला आहे का, एकटाच आहे का, हात कसे आहेत.

"चहावाल्याशी कसा बोलतो ते बघायचं," ती मला सांगायची. "जो त्याच्याशी नीट बोलत न्हाई, तो आपल्याशी दार लावल्यावर काय नीट वागणार?"

तिनं पास केलेला माणूस आला, की ती बाहेरच्या खोलीत मशीन चालवत बसायची. मशीनचा आवाज म्हणजे ती आहे. मी दोनदा भिंत वाजवली तर तिनं आत यायचं, असं ठरलेलं. तीन वर्षांत मला एकदाच भिंत वाजवावी लागली, आणि ती हातात कात्री घेऊन आली होती. त्या दिवसापासून मी तिच्यावर डोळे मिटून विसंबले.

या चाळणीच्या खाली दुसरी एक चाळणी होती. ती आक्कानं कधी समजावून सांगितली नाही, मी बघून बघून शिकले. फोनवर गाव कळलं की ती आडनाव विचारायची. आडनावावरून तिला पटलं नाही, तर "आज बंद हाय" म्हणून फोन ठेवायची. नाल्यापलीकडच्या वस्तीतला असला तर बंद. हिंदी बोलणारा असला आणि नाव मुसलमानाचं वाटलं तर राँग नंबर. तांड्यातला असला तरी बंद.

"तांड्यातले काहून नको, आक्का?" मी एकदा विचारलं.

"तुझ्याच भल्यासाठी. उद्या तुझ्या भावाच्या ओळखीचा निघाला तर?"

हे मला पटलं. बाकीच्यांचं मी विचारलंच नाही. त्यांचं विचारावं असं माझ्या मनातच आलं नाही, हे आज लिहिताना मला जड जातं. आमची मशीन दुरुस्त करायला एक जण यायचा. हिंदी बोलायचा, चप्पल बाहेर काढायचा, मान वर करून बघायचा नाही. त्यानं एकदा कुणाकडून तरी नंबर मिळवून फोन केला. आक्काच्या हाताला पीठ लागलेलं, म्हणून फोन मी घेतला. आवाज मी लगेच ओळखला. आक्कानं मानेनंच नको म्हटलं. "राँग नंबर हाय," मी म्हणाले. "माफ करना," तो म्हणाला आणि फोन ठेवला. आक्का हसली, "शिकलीस की." मला बरं वाटलं. पुढच्या महिन्यात तो मशीनचा पट्टा बदलायला आला तेव्हाही त्यानं काही दाखवलं नाही. माझं काम चांगलं झालं, एवढंच मला वाटलं होतं.

आम्ही माणसं निवडायचो, तशी माणसंही आम्हाला निवडायची. आत आल्यावर बऱ्याच जणांचा पहिला प्रश्न तोच असायचा, "बाई, तुमी कुणापैकी?" जो घरी बायकोला खोटं सांगून, तोंड लपवत आलेला असायचा, त्यालासुद्धा माझी जात लागायची. एक जण तर पिण्याचं पाणी सोबत घेऊन यायचा. आक्कानं मला उत्तर शिकवून ठेवलं होतं. म्हणायचं, शेतकऱ्याच्या घरची, कळमनुरीकडची. माझ्या बोलण्यात तांड्याचं काही आलं की ती लगेच अडवायची. माझ्या नाकाशेजारी लहानपणी गोंदलेला एक ठिपका आहे. रोज सकाळी आक्का माझी हनुवटी धरायची आणि तिच्या पावडरीनं तो ठिपका झाकायची. माझ्या आईनंही मला इतक्या जवळून कधी न्याहाळलं नसेल. झाकून झालं की म्हणायची, "आता तू आमच्यातली दिसतीस." त्याचा मला राग यायला हवा होता. मला आनंद व्हायचा.

उन्हाळ्यातली गोष्ट आहे. वहिनी त्या आठवड्यात आली नव्हती. सकाळी दहाच्या सुमाराला आक्का फोनवर बोलत आतबाहेर करत होती. हळू आवाजात, पाठ माझ्याकडं करून. बोलणं झाल्यावर म्हणाली, "एक जण येऊन राहिला. वसमतकडचा, मोठ्या घरचा. आपल्यातलाच हाय."

"स्टँडवर जाणार ना?"

"ओळखीचा हाय. त्याची गरज न्हाई."

पिशवी उचलून ती दारात थांबली. "मला बँकेत जायचंय. तासाभरात येते."

ती घरात नसताना कुणी आत आलं, असं तीन वर्षांत झालं नव्हतं. मी तसं म्हणालेही. तिनं माझ्याकडं न बघता उत्तर दिलं, "मोठ्या घरचा हाय म्हणलं ना." आणि गेली. मशीनवर अर्धी पिको केलेली साडी तशीच होती.

तो आला तेव्हा बाहेर कडक ऊन होतं. पांढरा शर्ट, इस्त्रीचा. वय पंचेचाळीसच्या पुढं. आत आल्यावर त्यानं शर्ट काढला, त्याच्या नीट घड्या घातल्या आणि खुर्चीवर ठेवला. माझी जात विचारली नाही. मला ते नवल वाटलं, आणि थोडं बरंही. मग त्यानं माझी हनुवटी धरली आणि अंगठ्यानं नाकाशेजारची पावडर पुसली. जोरानं, कातडी ओढली जाईल अशी.

"तांड्याची हायेस ना तू," तो म्हणाला. "मला सांगितलंय."

पुढचं मी सगळं लिहिणार नाही. त्यानं मारलं. त्याला रागही आलेला नव्हता, तो ठरवूनच आला होता. मी भिंत वाजवली, दोनदा, मग कितीतरी वेळा. पलीकडं कुणी नाही हे मला माहीत होतं, तरी हात वाजवतच राहिला. माझा डावा हात त्यानं पलंगाच्या लोखंडी कडेवर दाबला, तेव्हा मी "याडी ये" म्हणून ओरडले. याडी म्हणजे आई. तीन वर्षं मी तो शब्द त्या घरात बोलले नव्हते. तो हसला. "तुमच्या बाया दणकट असतात म्हणतात, आणि तू लगेच आईला बोलवायलीस." मग त्यानं शर्ट घातला, आरशात भांग पाडला, चपला घातल्या आणि पुढच्या दारानं निघून गेला, साडी टाकायला आलेल्या माणसासारखा.

आक्का आली तेव्हा मी जमिनीवर बसलेली होते. तिनं पिशवी टाकली आणि मला कुशीत घेतलं. रिक्षा बोलावली, दवाखान्यात नेलं. डॉक्टरला मी जिन्यावरून पडले म्हणून सांगितलं. मनगट मोडलं होतं, प्लॅस्टर घातलं. चार दिवस आक्कानं मला भाकरी मोडून घातली, केस विंचरले, न्हाऊ घातलं. रडली. "कुणाचा कसा भरवसा धरावा," असं म्हणत रडली. मीच तिला समजावत होते, की तुला काय माहीत होतं, आक्का. ते चार दिवस मला आजही विसरता येत नाहीत. कारण ते खोटं नव्हतं. ती खरंच रडत होती.

पाचव्या दिवशी वहिनी आली. आक्का दळण घेऊन गिरणीत गेली होती. वहिनीनं माझा हात बघितला, चेहरा बघितला आणि खालीच बसली.

"कोण होता?"

मी सांगायला लागले. वसमतकडचा, पांढरा शर्ट. शर्टाच्या घड्या घातल्या, म्हणाले, तशी तिनं माझं वाक्य तोडलं.

"खुर्चीवर ठेवला का घड्या घालून?"

मी मान हलवली. तिनं ब्लाउजच्या बाहीचा काठ वर केला. दंडावर जुना, पांढरट पडलेला व्रण होता. "दिवाळीच्या आधी," ती म्हणाली. "मी आक्काला सगळं सांगितलं होतं. आक्का म्हणली, आता हा माणूस या दारात येणार न्हाई. मी तर म्हणलं विषय संपला." मग हळूच विचारलं, "तुला तिनं सांगितलं न्हाई?"

मला ताबडतोब काही समजलं नाही. मी आक्काच्याच बाजूनं बोलले. म्हणाले, तिला आवाज ओळखू आला नसेल, त्यानं दुसऱ्या नंबरवरून फोन केला असेल.  वहिनीच्या फोनमध्ये त्याचा नंबर होता, पुन्हा आला तर ओळखू यावा म्हणून ठेवलेला. तो तिनं मला एका कागदावर लिहून दिला आणि आक्का यायच्या आत निघून गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी आक्का न्हाणीत गेल्यावर मी तिचा फोन घेतला. कुलूप नव्हतं, घरात आम्हीच तर असायचो. कागदावरचा नंबर उजव्या हातानं एकेक आकडा दाबत गेले. शेवटचे दोन आकडे दाबायच्या आधीच नाव वर आलं.

तिथं लिहिलं होतं, "फक्त तांडेवालीला."

आक्का चौथीपर्यंत शिकलेली. नावं अशीच लिहायची, माणसाच्या खुणेवरून. "मास्तर चांगला." "दोघं येते." "दारू, उचलू नको." हे मी आधी बघितलेलं होतं. मी फक्त तांडे एवढंच टाकून शोधलं. नऊ नंबर निघाले. मी एकेक उघडला. एकेकाची आठवण लागत गेली. जो तोंडावर थुंकला होता तो. जो केस धरायचा तो. ज्यानं अंगावर राख झाडली होती तो. पाणी सोबत आणणाराही त्यातच होता. तो वसमतवाला सोडला तर त्यातला एकही वहिनीच्या वाट्याला कधी आला नव्हता. मला वाटायचं माझं नशीब. ते नशीब आक्का टाइप करत होती.

म्हणजे तिची पारख चुकलेली नव्हती. स्टँडवर चहा घेताना तिला सगळं बरोबर दिसत होतं. बरा माणूस वहिनीला, वाईट माणूस मला, आणि जो कुणालाच नको तो बंद. मी त्या चाळणीच्या बाहेर, तिच्याबरोबर उभी आहे असं मला वाटत होतं. मी चाळणीखालचं ताट होते.

ती न्हाऊन आली, तुळशीला पाणी घातलं आणि मेथी निवडायला बसली. मी फोन तिच्यासमोर धरला.

"आक्का, हे काय लिहिलंय?"

तिनं वाचलं. मेथीची काडी हातातच राहिली. "तू वाचलंस तर," ती म्हणाली.

"वहिनीनं सांगितल्यावरसुद्धा त्याला बोलावलंस."

"मी बोलावलं न्हाई. तो महिनाभर मागं लागला होता. त्याचे पाव्हणे माझ्या सासरच्या गावात हाईत. म्हणला, दार उघडलं न्हाई तर तुझ्या दिराला येऊन सांगतो, तू इथं काय करतीस ते. मी काय करायला पाहिजे होतं?"

"मला सांगायला पाहिजे होतं."

"सांगितलं असतं तर तू हो म्हणली असतीस का?"

"न्हाई."

"मग," ती म्हणाली, जणू त्यातच उत्तर होतं.

मी विचारलं, "त्याला वहिनीकडं का न्हाई पाठवलंस?"

"ती लई नाजूक हाय. दुसऱ्यांदा असं झालं असतं तर तिनं जीव दिला असता. तू ऊस तोडलेली हायेस. मोळ्या वाहिल्यास डोक्यावर. तुला सहन होतं." खाली बघत तिनं पुढचं म्हटलं. "तुमच्याकडं बाया मार खातेतच की. तुझ्या नवऱ्यानं तुला मारलंच हाय ना?"

"तुझ्या दिरांनी तुला काय केलं होतं, आक्का?"

ती लालेलाल झाली. मग रडायला लागली. "मी तुला घरात घेतलं. एका ताटात जेवले तुझ्यासंगं. माझ्या भावकीला कळलं असतं तर त्यांनी मला उंबऱ्यात उभं केलं नसतं. तेवढं तरी ध्यानात ठेव."

ते खरं होतं. ती माझ्या ताटात जेवली होती. माझ्या मुलीच्या तापात तिनं तीन दिवस उशाशी काढले होते. हे सगळं खरं होतं आणि फोनमधलंही खरं होतं, आणि दोन्ही एकाच बाईनं केलेलं होतं. मी तिचा तिरस्कार करू शकले असते, तर माझं काम सोपं झालं असतं. मी माझे चार कपडे गोळा केले. एका हातानं ट्रंक बंद होईना. तिनं उठून ती बंद करून दिली.

वहिनीला घेऊन पोलिसात जावं असं मला वाटत होतं. दोघी मिळून सांगितलं तर कुणीतरी ऐकेल. एका दुकानातून मी तिला फोन केला.  ती म्हणाली, "आक्का माझ्या नात्यातली हाय. माझ्या सासरी कळलं तर माझं काय?"

"तूच तर मला सांगितलंस."

"तुला कळावं म्हणून सांगितलं. कोर्टात सांगाया न्हाई."

धंद्यातल्या बायकांची महिन्यातून एकदा बैठक व्हायची. दवाखान्याची तपासणी, औषधं, कुणाची काही तकलीफ असली तर ती. मी तिथं सगळं सांगितलं. त्या माणसाचा नंबर सगळ्यांनी लिहून घेतला, शिव्या दिल्या, माझ्या प्लॅस्टरवरून हात फिरवले. पण मी फोनमधल्या नावांचं सांगायला लागले तसे प्लॅस्टरवरचे हात बाजूला झाले. एक जण म्हणाली, "ताई, इथं जात काहून आणता? आपण सगळ्या एकाच जातीच्या, बाईच्या." बाकीच्यांनी माना डोलावल्या. फक्त मागं बसलेली एक म्हातारी, नाल्यापलीकडच्या वस्तीतली, मान हलवत नव्हती. बैठक संपल्यावर ती माझ्याबरोबर कोपऱ्यापर्यंत चालत आली. म्हणाली, "माझ्या वेळेला फोन नव्हते. तोंडानं सांगायच्या, ही तसल्यांसाठी." आणि आपल्या वाटेनं निघून गेली.

मी शहराच्या दुसऱ्या टोकाला खोली घेतली, स्वतःचा फोन घेतला. हात बरा व्हायला दोन महिने लागले. पुन्हा धंदा सुरू केला त्याच्या पहिल्याच आठवड्यात एक फोन आला. मी आक्कासारखी गप्प राहिले. पलीकडचा माणूस आमच्या बोलीत बोलला, मवाळपणानं, आणि कुणसे तांडेर, म्हणजे कोणत्या तांड्याची, म्हणून विचारलं. मी काही विचार करायच्या आत माझ्या तोंडून निघालं, "आज बंद हाय." आवाज माझा नव्हता. शब्दही माझे नव्हते. 

तांड्यातल्या माणसाला मी आजही दार उघडत नाही. भावाची भीती खरी आहे. पण बाकीच्यांना मी आता आडनाव विचारत नाही. प्यायलेला आहे का, एकटा आहे का, विचारल्याला सरळ उत्तर देतो का, एवढंच बघते. यात मी कुणावर उपकार करत नाही. ज्याचं आडनाव चांगलं म्हणून आक्कानं दार उघडलं, त्यानं माझा हात मोडला. एवढ्यावरून मला जे कळलं ते मी पाळते. मशीनवाल्याला एकदा बाजारात बघितलं. त्याला काहीतरी बोलावं असं वाटलं.  तो गर्दीत पुढं गेला.

होळीच्या आधी वहिनीचा फोन आला. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर म्हणाली, "आक्कानं नवीन बाई आणली. तुझ्यासारखीच हाय."

"माझ्यासारखी म्हंजे?"

"तांड्याची," ती म्हणाली आणि लगेच फोन ठेवला.

दोन दिवस मी स्वतःला सांगत होते, की मला काय त्याचं. तिसऱ्या दिवशी सकाळी मी त्या गल्लीत गेले आणि गिरणीसमोर उभी राहिले. आक्काकडं दळण दर दोन-तीन दिवसांनी लागतं, हे मला माहीत होतं. दहाच्या सुमाराला ती डबा घेऊन आली. तिशीतली असेल, अंगानं भरलेली, पायात नवी चप्पल. नाकाशेजारी पावडर जरा जास्त लागलेली. जिनं रोज ती लावून घेतली आहे तिलाच ते दिसेल.

मी तिच्याशी आमच्या बोलीत बोलले. ती दचकली, मग आजूबाजूला बघून मराठीत म्हणाली, "काय पाहिजे?"

मी सगळं सांगितलं नाही, वेळ नव्हता. एवढंच सांगितलं, की आक्का घरात नसेल तर कुणाला आत घेऊ नको, आणि शर्टाच्या घड्या घालणारा एक वसमतकडचा आहे, त्याचा नंबर लिहून घे. माझं मनगट दाखवलं. ते अजून सरळ वळत नाही.

तिनं मनगटाकडं बघितलं. मग माझ्याकडं बघितलं. तिच्या नजरेत भीती नव्हती, कीव होती.

"आक्कानं सांगितलं होतं मला," ती म्हणाली. "म्हणली, आधीची एक बाई येईल आणि असं असं बोलेल. तुमचं तिच्याशी भांडण झालं म्हून."

"आणि हाताचं काय सांगितलं?"

"जिन्यावरून पडलात." ती शांतपणे बोलत होती. "आक्का तशी न्हाई. माझ्यासंगं एका ताटात जेवती ती."

 तीन वर्षांपूर्वी माझ्याकडं कुणी आलं असतं तर मीही हेच बोलले असते, आणि याच्याहून मोठ्या आवाजात. मी नंबर तोंडानं दोनदा म्हटला, सावकाश, एकेक आकडा. तिनं लिहून घेतला नाही. गिरणीवाल्यानं तिच्या डब्याचं झाकण लावलं. तिनं डबा कमरेवर घेतला आणि मला वळसा घालून गेली.

त्यानंतर ती मला भेटलेली नाही. वहिनी मधूनमधून सांगते, की ती तिथंच आहे, बरी आहे, पिको चांगली करते. तो माणूस परत आला का, हे मी दर वेळेला विचारते. वहिनी म्हणते, तिला माहीत नाही. ती खरं बोलते का, हे मला कळत नाही.